अवसेचं तेल

“बा राखणदारा म्हाराजा… तुझा ह्यां लेकरू आज शिवेच्या भायर पाऊल टाकता हा. जां काय चुकला-माकला असात तां पोटात घाल, आणि जंय जायत थंय तेच्या पाठीशी उभो रव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

कुडाळजवळच्या त्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान सुगंधाच्या वडिलांचा, आबांचा. एरवी घोगरा, खोकला मधेमधे येणारा त्यांचा आवाज गाऱ्हाण्याला उभे राहिले की विहिरीतून वर आल्यासारखा भरून यायचा. सुगंधा आणि जनार्दन मस्कतला निघाले त्या सकाळी आबांनी शिवेवरच्या काळ्या दगडावर खोबरेल ओतलं. तेल दगडाच्या खांद्यावरून ओघळलं, मातीत जिरलं. मागे उभ्या भावकीनं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आणि जीप सुटली. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. सुगंधाला जाता आलं नाही. तिच्याजवळ त्यांचं राहिलं ते एवढंच बोलणं, आणि तेही कानात.

मस्कतमधल्या बौशरच्या ज्या घरात ती कामाला लागली ते रईसा नावाच्या बाईचं घर. रईसा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं कमी, हिशोबी पण वाईट नाही. दोघांचाही व्हिसा त्याच घरावरचा. जनार्दन गाडी चालवायचा आणि मूळचा सुतार असल्यामुळे घरातली दारं, कपाटं, पलंग हेही त्याच्याच गळ्यात. सुगंधाकडे मुख्य काम होतं रईसाच्या आईला सांभाळायचं. खुदेजा तिचं नाव. सगळे बीबी म्हणत. बीबीचे आजोबा फार पूर्वी ओमानहून आफ्रिकेत गेले, आत आत जात काँगोच्या मोठ्या नदीकाठी पोचले, तिथंच घर केलं. बीबी तिथंच जन्मली, तिथंच लग्न होऊन विधवा झाली, आणि मग दंगलीत सगळं सोडून, काही वर्षं शेजारच्या देशातल्या बुजुंबुरा शहरात काढून इथं परत आली. ‘परत’ असं तीच म्हणायची, पण हा देश तिनं आधी कधी पाहिला नव्हता. बुजुंबुरात शेजारी गुजराती दुकानदार होते, त्यांच्याकडून आणि सिनेमातून ती हिंदी शिकली. तिची हिंदी आणि सुगंधाची हिंदी, दोन्ही लंगड्या. दोघी एकमेकींच्या आधारानं बऱ्या चालायच्या.

“तुझा चहा म्हणजे गरम पाण्याला पडलेलं स्वप्न,” बीबी म्हणायची. सुगंधा म्हणायची, बीबी, दात नाहीत तर चहा चावून पिऊ नका. बीबीला हे उत्तर इतकं आवडायचं की ते ऐकण्यासाठी ती पुन्हा चहाला नावं ठेवायची.

घराच्या मागच्या बाजूला कोठीची खोली होती. तांदळाच्या पोत्यांच्या पलीकडे, पडद्याआड, दाराकडे तोंड करून तो उभा होता. हातभर उंच, लाकडाचा. चेहऱ्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, डोळ्यांच्या जागी कवड्या, डोक्यात खोचलेलं लहानसं शिंग. अंगभर पितळी खिळे. दोन्ही हात पोटावर, आणि पोटाच्या मधोमध काहीतरी काळंकुट्ट भरून लिंपलेलं. कमरेला चामड्याची जीर्ण पट्टी.

पहिल्यांदा पडदा सारला तेव्हा सुगंधा दोन पावलं मागे सरली होती. बीबी काठी टेकत मागून आली.

हा देव नाही, बीबीनं सांगितलं. आमचा देव एकच. हा पहारेकरी. तिकडच्या गावांत असे असतात, गावाच्या वेशीत, सगळ्या गावाचा मिळून एक. लाकडाला काही अर्थ नाही, पोटात जे भरलंय आणि शिंगात जे भरलंय, ताकद त्यात. आणि याला हात लावायचा नाही. हलवायचं तर काखेत दोन काठ्या घालून दोघांनी उचलायचं.

आणि तो इथं कसा? बीबी म्हणाली, माझ्या बाबांनी मीठ आणि कापड देऊन बाजारात घेतला. हे ती पाठ केलेलं सांगावं तसं म्हणाली आणि काठी वाजवत निघून गेली.

जनार्दनला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. “ह्यो तर आपलो राखणदार,” तो म्हणाला. “फकत कपडे न्हेसून परदेशी इलोहा.” पुढं कित्येक वर्षं तो त्याला ‘तुझो सोयरो’ म्हणायचा. तुझ्या सोयऱ्याक बरां असा मां?

पाचेक वर्षं सुगंधानं फक्त काठीला फडकं बांधून त्याच्यावरची धूळ झटकली. मग एका उन्हाळ्यात बीबीला ताप भरला. साधा नव्हता, उतरायचं नाव घेईना. डॉक्टर येऊन गेले, रईसा रजा काढून आईच्या उशाशी बसली, आणि बीबी डोळे मिटून कुणालातरी स्वाहिलीत हाका मारत होती. सुगंधाला ते शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. अंगणात उभं राहून हरवलेल्या माणसाला हाक मारावी तसा.

त्या दिवशी अवस होती. सुगंधानं कॅलेंडरात बघितलं नव्हतं, गावाकडे फोनवर बोलताना आईनं म्हटलं होतं. ती कोठीत गेली. खोबरेलाची बाटली उघडली, चमच्यात तेल घेतलं आणि हात न लावता त्याच्या डोक्यावर शिंगाच्या बाजूनं धार सोडली. तेल तांब्याच्या पट्ट्यांवरून उतरलं, खांद्यावर आलं. आबांसारखं गाऱ्हाणं घालायला तिला जमलं नसतं. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण जात्यावर आईनं म्हटलेल्या ओव्या तिच्या जिभेवर होत्या, त्यांच्याच चालीवर तिनं आपली एक जुळवली:

शिवेच्या राखणदारा, तुझ्या पायी लावला दिवा,
सांभाळ रे लेकराच्या परमुलखी जिवा.

लेकरू कोण, हे तिचं तिलाही नक्की नव्हतं. पलंगावरची म्हातारी, की गावाकडे आजीपाशी वाढणारी तिची लेक आकांक्षा, की ती स्वतः.

बीबीचा ताप उतरला. औषधानं उतरला असेल. सुगंधाला त्यावर वाद घालायचा नव्हता. पण मागितलेलं मिळालं की फेडायचं असतं. ती दर अवसेला तेल घालू लागली. कुणाला सांगितलं नाही.

एकदा मात्र मागं वळून पाहिलं तर दारात बीबी. सुगंधाच्या हातात चमचा तसाच. बीबी जवळ आली, बाटलीचा वास घेतला, त्या ओल्या, चमकणाऱ्या लाकडाकडे पाहिलं.  सुगंधाला वाटलं आता बोलणी खावी लागतील.  पण बीबीनंच पडदा ओढला आणि ती म्हणाली, चल, तुझा तो पाणचट चहा कर.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात रईसानं ठरवलं की ती वस्तू विकायची.

तिचंही चूक नव्हतं. ज्या घरात पाच वेळा नमाज होतो तिथं पडद्याआड अशी मूर्ती, सासरच्या माणसांची कुजबुज, आणि आई गेल्यावर त्या मूर्तीचं काय करायचं हा प्रश्न. ओमप्रकाश नावाचा एक दलाल होता, मत्राच्या बाजारात त्याचं जुन्या चांदीचं आणि लाकडी पेट्यांचं दुकान. त्यानं फोटो पाठवले आणि ब्रुसेल्सचा एक संग्राहक स्वतः यायला तयार झाला. ओमप्रकाश सांगत होता की या साहेबाच्या घरी एक अख्खा मजला अशांचाच आहे. काचेत, प्रत्येकावर वेगळा दिवा. पुष्कळांची पोटं पाद्र्यांनी नाहीतर सैनिकांनी कोरून रिकामी केलेली असतात, शिंगं काढलेली असतात. भरलेल्या पोटाचा, शिंगासकटचा क्वचित मिळतो. त्याला तिकडे राजासारखा मान.

रईसानं आईला विचारलं. बीबी म्हणाली, घर तुझं आहे. एवढंच. मग जेवली नाही.

जनार्दनला पेटी बनवायला सांगितलं. त्यानं पट्टी न टेकवता डोळ्यांनी माप घेतलं, पांढऱ्या लाकडाची पेटी केली, आत फोम लावला. “सोयरो चललो इमानात बसान,” तो म्हणाला, पण हसला नाही. सुगंधानं विचारलं, तिकडे काचेत त्याला कोण बघणार? जनार्दन म्हणाला, “बघतले गो, सगळे बघतले. तेचाच काम असा थंय, लोकांका दिसत रवचा.” मग रंधा थांबवून म्हणाला, “पन राखतलो कोनाक?”

साहेब आला तो गुरुवार होता. मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, पांढरी चादर अंथरली. जनार्दन आणि ओमप्रकाश यांनी काखेत दोन काठ्या घालून पहारेकऱ्याला बाहेर आणलं. बीबीनं तेवढी एक अट घातली होती. साहेब उंच, पिकल्या केसांचा, मऊ बोलणारा. मूर्ती पाहून तो क्षणभर उभाच राहिला, देवळात शिरताना माणूस थबकतो तसा. मग मोजे चढवले, गुडघ्यांवर बसला, बॅटरी काढली. पोटाचं लिंपण पाहिलं, खिळे पाहिले. कापसाचा बोळा खांद्यावरून फिरवला आणि उजेडात धरला.

बोळा पिवळसर, ओला. त्यानं वास घेतला. मग ओमप्रकाशशी बराच वेळ बोलला आणि मोजे काढून ठेवले.

ओमप्रकाशनं घसा साफ करून हिंदीत सांगितलं. साहेबाचं म्हणणं, जुन्या वस्तूची कातडी कोरडी पडते, भेगाळते. हिच्यावर ताजं तेल आहे, महिन्याभरातलं. आजकाल नव्या मूर्ती तेल पाजून, धूर देऊन, वाळवीच्या मातीत पुरून जुन्या करतात आणि विकतात. ही तशीच असावी. तशी नसेल तर कुणीतरी खोबरेल चोळून नासवली. ती कुठून आली, कुणाच्या हातून आली, हे कुणी गावाच्या नावानिशी सांगेल तर तो विचार करेल. नाहीतर चहाबद्दल आभार.

रईसाचा चेहरा पांढरा पडला. फसवणूक करणारी म्हणून तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तेल कुणी घातलं, असं तिनं विचारलं, आवाज न चढवता.

जनार्दननं सुगंधाकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, बोलू नकोस म्हणून. पण ती कॉफीचं तबक घेऊन दारातच एक पाऊल पुढं सरली.

“मैंने डाला, मॅडम,” ती म्हणाली. “बीबी बीमार थी ना, तबसे. हर अमावस.”

 माझ्या घरात, रईसा म्हणाली, माझ्या छपराखाली तू याची पूजा करत होतीस. पुढचं तिनं अरबीत म्हटलं, स्वतःशीच. मग हिंदीत, अगदी सावकाश: याचं काय करायचं ते आपण उद्या बघू, तुम्हा दोघांचंही.

उद्या म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. अझैबातल्या एका घरातून गेल्याच वर्षी एका जोडप्याला असंच ‘उद्या’ सांगितलं होतं आणि परवा ती दोघं विमानात होती. आकांक्षाचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं. तिची खोली, तिची मेस, तिच्या पांढऱ्या गणवेशाचा फोटो जो जनार्दननं गाडीच्या आरशापाशी लावला होता, ते सगळं या घरावर उभं होतं. सुगंधाच्या मनात आलं, तेल घालताना मी तिच्याही जिवासाठी मागितलं होतं.

रईसा आईपाशी गेली, खाली बसली. अम्मी, तूच सांग साहेबाला. आजोबांनी बाजारात घेतला, मीठ आणि कापड देऊन. गावाचं नाव सांग. तू सांगितलंस की तो मानेल. एवढं बोल, मग सगळंच मिटेल.

शेवटचं वाक्य बोलताना तिनं दाराकडे पाहिलं. तिलाही त्या दोघांना घालवायचं नव्हतं. तिला फक्त खोटी ठरायचं नव्हतं.

बीबी कोपऱ्यातल्या गादीवर बसली होती. ती स्वाहिलीत बोलू शकली असती, अरबीतही. पण तिनं हिंदी घेतली, आणि सुगंधाला हातानं आत बोलावलं. तबक ठेव, म्हणाली. बस इथं.

मग तिनं सांगितलं. नदीच्या काठी आमचं घर, कासोंगो शहराच्या वरच्या अंगाला. पलीकडच्या काठावर एक गाव होतं. तिथली एक बाई रोज नावेनं यायची, आमच्याकडे कसाव्याचे कंद विकायची. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा तिनं मला आपल्या मुलीबरोबर अंगावर पाजलं. मी तिला मामा म्हणायचे, तिकडे मामा म्हणजे आई. तिच्या गावात हा होता, वेशीत, छोट्या छपराखाली. चंद्र मेला की त्या रात्रीनंतरच्या सकाळी गावातल्या बायका याला तेल घालायच्या, ताडाचं, लाल. मी लहानपणी तिच्या पाठीला बांधलेली असायचे, तेव्हा पाहिलंय. मग दंगल आली. आधी शिपाई, मग बंडवाले, मग पुन्हा शिपाई. गावं जळत होती. त्या दिवशी ती आणि तिचा भाऊ याला दोन काठ्यांवर घेऊन नदी ओलांडून आले, बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळून. आमच्या दाराशी ठेवला.

“हिनं तेल घातलं ते मी बघितलं होतं,” बीबी म्हणाली आणि सुगंधाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मी अडवलं नाही. ते माझं काम होतं. इतकी वर्षं मी केलं नाही, या मुलीनं न सांगता केलं. तिला कुणी काही बोलायचं नाही.”

ओमप्रकाश वाक्यावाक्यागणिक साहेबाच्या कानाशी इंग्रजीत सांगत होता. कासोंगोचं नाव निघालं तेव्हाच साहेब पुढं सरकला होता. तेलाची गोष्ट ऐकली तेव्हा त्यानं तो कापसाचा बोळा उचलला, पुन्हा वास घेतला, आणि या वेळी नीट रुमालात गुंडाळून ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पाणी खरं होतं. तो उठून बीबीपुढं वाकला. ओमप्रकाशनं आनंदानं सांगितलं, साहेब म्हणतो, चाळीस वर्षं मी या वस्तू गोळा करतोय, पण ज्याला अजून कुणीतरी तेल घालतंय असा मला कधी मिळाला नाही. त्याचं मन बसलंय. जे म्हणाल ते.

रईसानं सुटकेचा श्वास टाकला. वळून ती सुगंधाला नेहमीच्या स्वरात म्हणाली, कॉफी गार झाली असेल, दुसरी कर. त्या ‘कर’मध्ये उद्याचा दिवस परत मिळाला होता. जनार्दन भिंतीला टेकला आणि पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले.

पण सुगंधा उठली नाही, कारण बीबीचा हात अजून तिच्या गुडघ्यावर होता आणि त्या हाताचा भार वाढत होता.

जनार्दननं पेटी आणली. झाकण उघडलं. साहेबानं स्वतः चादरीची एक बाजू धरली. ओमप्रकाशनं कागद काढले आणि विचारलं, फक्त एवढं लिहायचंय, वडिलांनी त्या बाईकडून घेतला त्याचं साल, आणि बदल्यात काय दिलं. मीठ आणि कापडच ना?

हो, रईसा म्हणाली. अम्मी, तेच ना?

 बाहेर कुणाची तरी गाडी रस्त्यावरून गेली. बीबी त्या लाकडी चेहऱ्याकडे बघत होती, आणि सुगंधाला वाटलं की ही बाई आता पुन्हा तेच पाठ केलेलं म्हणेल. म्हटलं तर सगळ्यांचं भलं होतं. रईसाचं, साहेबाचं, आपलंही. सुगंधानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

“अम्मी?”

“काही दिलं नाही,” बीबी म्हणाली.

ओमप्रकाशचं पेन थांबलं.

“ती विकायला आली नव्हती, रईसा. ठेवायला आली होती. माझ्या बाबांनी दारात उभं राहून तिला शब्द दिला, ही अमानत आहे, शांत झालं की येऊन घेऊन जा. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि ती नावेत बसली. दुसऱ्या पहाटे आम्ही निघालो. तिला कळवलं नाही. कळवायला वेळ होता, बेटा, नाव होती, माणूस होता. भीती होती म्हणून नाही कळवलं. बाबा याला मागं टाकू शकले नाहीत आणि परतही देऊ शकले नाहीत. मरताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, विकत घेतला म्हणून सांग, नाहीतर लोक म्हणतील या घरानं ठेव गिळली. मी तुला तेच सांगत आले. तुझ्या मुलांना तेच सांगितलं.”

तिनं सुगंधाच्या गुडघ्यावरचा हात उचलला आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

“तो आपला नाही. आम्ही निघाल्यावर ती आली असेल, दार वाजवलं असेल. कापिंगा तिचं नाव. तिचा आहे तो.”